जुवारीच्या पलीकडे गेलेले देव

आमची कुलदेवता म्हार्दोळची म्हाळसा. माझा जन्म डोंबिवलीचा, शाळा कॉलेज नोकरी सगळं इथेच, गोव्यात आमचं ना घर ना जमीन, तरी घरात लग्न झालं की म्हार्दोळ, बाळ झालं की म्हार्दोळ, बाबांना सत्तर पूर्ण झाली तेव्हाही म्हार्दोळ. रात्रीच्या गाडीने जायचं, अग्रशाळेत उतरायचं, सकाळी अभिषेक, खणानारळाची ओटी, आणि मग भाड्याची गाडी करून बाकीचे देव. मंगेशी अगदी हाकेच्या अंतरावर, तिथून रामनाथी, नागेशी, बांदिवड्याची महालक्ष्मी, कवळ्याची शांतादुर्गा, जेवायच्या वेळेपर्यंत सगळं आटपतं. लहानपणी मला याची फार मजा वाटायची, की सगळे देव एकाच फोंडा तालुक्यात कसे काय राहायला आले? आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "अगं पोर्तुगीजांनी हाकललं म्हणून." एवढंच. पुढे काही नाही. आणि मलाही पुढे काही विचारावंसं वाटलं नाही, पार चाळिशीपर्यंत.

मग गेल्या वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं. कोणीतरी इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या धर्मचौकशीच्या कोर्टाबद्दल, एक फॉरवर्ड टाकला, खाली शेवटी ओळ अशी की "आता तरी जागे व्हा", आणि दुसऱ्याने त्यावर लिहिलं की हे सगळं जुनं उकरून काढायची गरज काय, गोव्यात सगळे गुण्यागोविंदाने राहतात, तसं काही झालंच नव्हतं असंही काहीजण म्हणतात. दोन सख्खे चुलतभाऊ, दोघांची कुलदेवता म्हाळसाच, आणि दोघे चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण दोघांनाही नक्की काय झालं ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून मी वाचायला घेतलं, आणि या वेळी आम्ही गेलो तेव्हा बाबांना म्हटलं की आपण देवीचं मूळ गाव पण बघून येऊ. म्हणून हे लिहितेय.

तर आधी काय झालं ते सरळ सांगते. १५१० साली पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा घेतलं. त्याला मदत कोणी केली? तिमय्या नावाच्या एका हिंदू सरदाराने, ज्याला आदिलशाही नको होती. शहर पडल्यावर आल्बुकर्कने तिथल्या मुसलमानांची कत्तल केली, बायकामुलं सोडली नाहीत. हिंदूंना तेव्हा हात लावला नाही. पुढच्या तीस वर्षांत हवा बदलली आणि १५४० मध्ये तिसवाडी बेटावरची देवळं पाडायला सुरुवात झाली, मग गोव्यातलेच साष्टी आणि बारदेश हे भाग. साष्टीतली बहुतेक देवळं १५६७ मध्ये गेली, रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रॉड्रिगीस याने जाळली पाडली. त्यातच वेर्ण्याचं म्हाळसेचं देऊळ होतं. आमचं.

पण देऊळ पडणं ही एक गोष्ट झाली, माणसं गाव का सोडून गेली हे मला आधी कळत नव्हतं. ते कळलं कायदे वाचल्यावर. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा हुकूम आला की हिंदूंची अनाथ मुलं ताब्यात घेऊन जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायची आणि बाप्तिस्मा करायचा. पुढे तर बाप वारला असेल आणि आई जिवंत असेल तरी ते मूल अनाथ धरायला लागले. म्हणजे नवरा गेला त्या दिवशी बाईने रडायचं का पोरांना घेऊन होडीत बसायचं? मी हे वाचलं तेव्हा माझा मुलगा शेजारी झोपला होता, मला पुढचं पान उलटवेना.

शिवाय गावकरी. गोव्यात गावची जमीन गावकऱ्यांची, म्हणजे मूळ घराण्यांची सामाईक, त्यातून दरवर्षी जोण मिळायचं, आणि देवळाच्या जमिनी त्यातच गुंतलेल्या. देऊळ पाडलं की त्या जमिनी चर्चकडे जायच्या. राहायचं असेल, हक्क टिकवायचा असेल तर धर्म बदला. म्हणून कितीतरी घरांत असं झालं असं सांगतात की एक भाऊ जमिनीपाशी राहिला आणि क्रिस्तांव झाला आणि दुसरा भाऊ देव घेऊन नदीपार गेला. हे ठरवून झालं असेल का, भांडून झालं असेल का, रात्री आईने काय म्हटलं असेल, हे कुठल्याच कागदात नाही.

देव घेऊन गेले कुठे, हा खरा मुद्दा. जुवारी नदीच्या पलीकडे. कुठ्ठाळीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर मडकई दिसते, फेरीबोट आजही जाते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मडगावचा दामोदर जांबावलीला. आणि तेव्हा नदीपलीकडचा हा सगळा मुलूख कोणाचा होता? विजापूरच्या आदिलशहाचा.

हे मला शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या डोक्यात आदिलशाही म्हणजे अफजलखान. आणि इथे आमची देवी आदिलशहाच्या राज्यात आसऱ्याला गेली होती, तिथे तिचं देऊळ उभं राहिलं आणि कोणी पाडलं नाही. फोंड्याला शहराबाहेर साफा मशीद आहे, समोर मोठी चिरेबंदी तळी, तळीच्या भिंतीत मेहराबी कोनाडे, जांभ्या दगडाचे आठ कोनी खांब. आम्ही या वेळी मुद्दाम गेलो. पाटीवर वर्ष आहे १५६०. मंगेशाची पिंडी नदीपार नेली तेही साल १५६०. म्हणजे त्या एकाच वर्षी एकाच तालुक्यात एकीकडे मशिदीचे चिरे बसत होते आणि दुसरीकडे रात्रीच्या होडीतून आलेला देव उतरत होता. आणि तिकडे जुन्या गोव्यात त्याच वर्षी इन्क्विझिशन सुरू झालं. बाबा तळीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. पाण्यात हिरवं शेवाळ होतं आणि एक पोरगा गळ टाकून बसला होता.

आता कोणी म्हणेल, बघा आदिलशहा किती उदार. तर तसंही नाही. त्याच अली आदिलशहाने पाचच वर्षांनी, १५६५ मध्ये, तालिकोटला बाकीच्या सुलतानांबरोबर विजयनगर बुडवलं. आणि दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीजांच्या आधी एकदा बहामनींनी पाडलाच होता, विजयनगरच्या माधव मंत्र्याने तो परत बांधला, मग पोर्तुगीजांनी पुन्हा पाडला, तेव्हा डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यरावाने लिंग रातोरात नदीपार नार्व्याला नेलं, आणि शंभरेक वर्षांनी १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधून घेतलं. मला वाटतं आदिलशाहीला फोंड्यात रयत हवी होती, शेतं कसणारे हात आणि सारा हवा होता, सरहद्दीवर माणसं वसायला हवी होती, आणि देव आला की माणसं येतात. हे कारण फार मोठ्या मनाचं नाही. पण ज्या बाईच्या पोराला कोणी ओढून नेलं नाही तिला कारणाशी काय करायचंय?

इन्क्विझिशनबद्दल ग्रुपवर जे फिरत होतं त्यात एक गोष्ट कोणीच लिहिली नव्हती, की त्याचा सगळ्यात जास्त जाच ज्यांनी धर्म बदलला होता त्यांनाच झाला. चौकशी त्यांचीच, की तुम्ही मनातून अजून जुनंच करता का. सुरुवातीला तर निशाण्यावर होते पोर्तुगालहून आलेले, ज्यू असून ख्रिस्ती झालेले लोक. गार्सिया द ओर्ता हा डॉक्टर असाच एक. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता, आपल्याकडच्या औषधी झाडपाल्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. पणजीत चर्चसमोर जी बाग आहे ना, जिथे आपण भेळ खात बसतो, ती त्याच्या नावाची बाग आहे.

आणि मग १७३६ चा तो जाहीरनामा. ख्रिस्ती घरांत काय काय करायचं नाही त्याची यादी. लग्नात हळद लावायची नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत, पानविडा आणि फुलं घरोघर पाठवायची नाहीत, दारात तुळस नाही, पुरुषांनी धोतर नाही बायकांनी चोळी नाही, आणि भात मीठ न घालता शिजवायचा नाही कारण हिंदू तसा शिजवतात. भात! धर्म बदलून दीडदोनशे वर्षं झाली होती त्या घरांना. म्हणजे एवढी वर्षं त्या बायका चुलीपाशी बसून बिनमिठाचा भात शिजवत होत्या, लपून ओव्या म्हणत होत्या. मला यात त्या बायका दिसतात, माझ्या आजीसारख्या. १६८४ मध्ये तर तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम निघाला होता, संभाजीराजे गोव्यावर चालून गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. इन्क्विझिशन १८१२ पर्यंत चाललं, मध्ये चार वर्षं बंद होतं तेवढंच. तेव्हा "तसं काही झालंच नव्हतं" असं म्हणणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी फोन करून सांगितलं की झालं होतं, आणि पुष्कळ झालं होतं. आणि दुसऱ्याला सांगितलं की ज्यांच्यावर झालं त्यांचेच पणतू-खापरपणतू आज चर्चला जातात, तू जागं होऊन नक्की कोणावर धावून जाणार आहेस? याच छळामुळे आणि दुष्काळामुळे कितीतरी गोंयकार ख्रिस्ती पण पळून मंगळूरकडे गेले, तिथे केळदीच्या हिंदू नायकांनी त्यांना जागा दिली, आणि पुढे १७८४ मध्ये टिपूने त्यांनाच धरून श्रीरंगपट्टणला नेलं. एकाच घराण्याने दोनदा घर सोडलेलं आहे, दोन वेगळ्या धर्मांच्या राजांमुळे, आणि मधला आसरा तिसऱ्याचा.

साष्टीतल्या कुंकळ्ळी गावाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय कारण ती गोष्ट डोक्यातून जातच नाही. रुडॉल्फ अक्वाविवा म्हणून एक इटालियन जेझुइट, ड्यूकच्या घरातला मुलगा. १५८० मध्ये अकबराने बोलावलं म्हणून तो फत्तेपूर सिक्रीला गेला, तीन वर्षं राहिला. इबादतखान्यात मौलवी, पंडित, जैन, पारशी सगळ्यांबरोबर बसून वाद घातले, अकबराने त्याला मानाने वागवलं, आणि मानाने परत पाठवलं. तो गोव्यात परत आला १५८३ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत चार साथीदार जेझुइटांना घेऊन कुंकळ्ळीला गेला, चर्चसाठी जागा बघायला. त्या गावाची देवळं आधी पोर्तुगीजांनी जाळलेली होती, आणि आलेल्या पाचातला एकजण तर त्या मोहिमेत हजर होता. गाव चिडलेलं, सारा देणं बंद केलेलं. गावकऱ्यांनी पाचही जणांना मारलं, बरोबरच्या लोकांनाही मारलं, प्रेतं विहिरीत टाकली. अक्वाविवा तेव्हा ३२ वर्षांचा होता. मला राहून राहून वाटतं की जो माणूस तीन वर्षं अकबराच्या दरबारात बिनहत्यार बोलत बसला आणि सुखरूप आला, तो इथे मेला, कारण सिक्रीला तो पाहुणा म्हणून गेला होता आणि इथे ज्यांनी देवळं जाळली त्यांच्याकडून आला होता. त्या सकाळी गावाला तो कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, मागे कोण उभं आहे ते त्यांनी बघितलं.

मग पोर्तुगीजांनी सूड घेतला. कुंकळ्ळीच्या १६ गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला बोलावलं. बोलणी म्हणून. आत गेल्यावर कापून काढलं. एकजण नदीत उडी टाकून पोहत निसटला असं सांगतात. आज कुंकळ्ळीत त्या पाच जेझुइटांच्या आठवणीचं चॅपल आहे आणि त्या मारलेल्या गावकऱ्यांचं स्मारकही आहे, दोन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत, गावकऱ्यांचं मात्र २००३ मध्ये उभारलं, म्हणजे चारशे वीस वर्षांनी.

आणि यातली अजून एक गोष्ट. त्या पाच जणांची प्रेतं ताब्यात घेऊन दफन करायचं काम ज्याच्याकडे आलं तो होता फादर थॉमस स्टीफन्स. तोच, शाळेत धडा होता बघा, "जैसी हरळांमाजी रत्नकिळा" वाला. ख्रिस्तपुराण लिहिणारा इंग्रज पाद्री. आपले सोबती विहिरीतून बाहेर काढले त्या माणसाने, आणि पुढे तीसेक वर्षं त्याच साष्टीत राहून त्याच लोकांच्या भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला मराठीत जवळजवळ ११,००० ओव्या छापल्या. हेतू धर्मप्रसाराचाच होता, त्यात काही लपवायचं नाही. पण ज्या ओवीवर पुढे १७३६ मध्ये बंदी आली ती ओवी त्याने उचलून चर्चमध्ये नेली होती, कारण त्याला कळलं होतं की या लोकांना त्यांच्या छंदातच रडता हसता येतं.

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. पण दरवर्षी शिगम्याला, फाल्गुन पौर्णिमेनंतर पंचमीला, ती आपल्या जुन्या गावी परत येते. सोंत्र्यो म्हणतात, मोठमोठ्या रंगीत छत्र्या, बारा वांगड म्हणजे बारा घराण्यांच्या बारा, गुलाल, ढोल, रस्ता नुसता लाल झालेला असतो. आणि तेच बारा वांगड कुंकळ्ळीच्या ख्रिस्ती गावकऱ्यांतही आहेत, त्यांच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताचा मान त्याच घराण्यांकडे असतो, आणि छत्र्या जाताना ख्रिस्ती घरचेही लोक येऊन उभे राहतात. तसंच म्हापशाला. तिथली मिलाग्रीस सायबीण म्हणजे शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींतली एक बाटली आणि चर्चमध्ये गेली अशी लोककथा आहे. तिच्या फेस्ताला हिंदू बायका रांगेत उभ्या राहून तेल वाहतात. नातं तोडायचं नव्हतं, म्हणून लोकांनी देवांनाच बहिणी केलं. राजांच्या कागदांत हे कुठे येत नाही.

पण यातून असं कोणी समजू नका की गोव्यात आता सगळं गोडच आहे. कुंकळ्ळीतच या मानावरून, कुठली घराणी आत आणि कोण बाहेर, यावरून ख्रिस्ती लोकांतच वाद आहेत, जात काही धर्म बदलून गेली नाही. आणि आमच्या देवळातही महाजन, म्हणजे देवळाचे हक्कदार, कोण हे घराण्यावरच ठरतं, ते मला आवडत नाही आणि ते मी बाबांना तोंडावर सांगते.

फोंडा पोर्तुगीजांच्या हातात आलं १७६३ मध्ये, आदिलशाही जाऊन मध्ये बरंच काही होऊन सोंध्याच्या राजाकडून. तेव्हा त्यांनी लिहून दिलं की देवळांना हात लावणार नाही, आणि लावला नाही. म्हाळसेच्या देवळातल्या घंटेची एक गोष्ट सांगतात, की तिला एरवी लोळा लावलेला नसायचा, कोणाला साक्ष द्यायची असेल तेव्हाच लावायचे, घंटा वाजवून खोटं बोलला तर देवी तीन दिवसांत बघून घेते, आणि ती साक्ष पोर्तुगीज कोर्टातही चालायची म्हणे. ज्यांनी वेर्ण्याला तिचं देऊळ जाळलं त्यांच्याच कोर्टात तिची शपथ चालायला लागली, याला दोनशे वर्षं लागली.

तर वेर्ण्याला आम्ही गेलो. जुनं म्हार्दोळ म्हणतात त्या जागेला, तिथे आता नवं देऊळ बांधलंय. बाबा अनवाणी उतरले गाडीतून, ऊन एवढं होतं तरी. दर्शन झालं, मग मी म्हटलं जरा गावात फिरू. एका जुन्या घराच्या बाल्कांवात एक म्हातारी बाई बसली होती, फुलाफुलांचा झगा, गळ्यात रोझरी, ऐंशीच्या पुढची असावी. आम्ही पाणी मागितलं. तिने विचारलं, "तुमी खंयचीं?" बाबांनी मोडक्या कोकणीत सांगितलं की मुंबईकडचे, पण मूळ इथलेच, म्हाळसेचे. ती बाबांकडे बघत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, "आमचीय तीच आशिल्ली पयलीं." आणि त्यांचं बाटायच्या आधीचं आडनाव सांगितलं. ते आमचंच होतं.

बाबा काही बोलले नाहीत. मी पण नाही. तिने नातीला हाक मारली, परसातून अबोली काढून आणायला लावली, केळीच्या पानात गुंडाळून बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली की म्हार्दोळला जाल तेव्हा तिच्यापुढे ठेवा. बाबा नमस्कार करायला वाकले तर तिने हात धरला आणि "देव बरें करूं" म्हणाली.

आम्ही खरं तर तिथून थेट स्टेशनवर जाणार होतो. गाडीवाल्याला सांगून परत फिरलो, पूल ओलांडून संध्याकाळी म्हार्दोळला आलो. भटजींनी सकाळीच आम्हाला बघितलेलं, परत कसे आलात म्हणाले. बाबांनी पान पुढे केलं, ही फुलं वेर्ण्याहून दिलीयेत म्हणाले. त्यांनी ताम्हणात घेतली आणि सवयीने विचारलं, गोत्र काय लावू?

"आमचंच लावा," बाबा म्हणाले.